नमुन्याचं हृदय

माझी बायको हृदयरोगतज्ज्ञ. पुण्यात हे काम करणाऱ्या पहिल्या काही बायकांपैकी ती एक, असं तिच्या सत्काराला आलेले पाहुणे सांगतात. मी पहिल्या रांगेत शाल-नारळ सांभाळत बसलेला असतो. मी शाळेत भूगोल शिकवायचो. तरी सुरुवातीला शनिवार पेठेतल्या तिच्या दवाखान्यात येणारे पेशंट तिला ओलांडून माझ्यापुढे उभे राहायचे आणि सदऱ्याची बटणं काढायला लागायचे.

"छातीचं त्या बघतात," मी म्हणायचो. "माझ्याकडे फक्त नद्या आणि पर्वत."

तेव्हा तिचा सगळा कारभार स्टेथोस्कोप आणि ईसीजीच्या पट्टीवर चालायचा. नव्वदनंतर बाहेरची यंत्रं मिळणं सोपं झालं, तसं तिनं हट्टानं इकोचं रंगीत यंत्र आणवलं. छातीवर दांडी फिरवली की आतलं हृदय पडद्यावर चालताना दिसायचं, रक्ताचे प्रवाह लाल आणि निळे. पण हात बसायला सराव हवा, आणि सरावाला धडधाकट हृदय हवं. घरात एकच रिकामं होतं.

"अहो, शाळा सुटली की दवाखान्यात या."

"चहा मिळेल?"

"आधी डाव्या कुशीवर झोपा."

छातीवर गारेगार जेली चोपडून ती तासन्‌तास माझ्या आत बघत बसे. पुढे तिच्याकडे शिकणारे तरुण डॉक्टरही पलंगाभोवती जमू लागले.

"नीट बघून ठेवा. इतकं सामान्य हृदय शोधून सापडायचं नाही."

"हे कौतुक समजायचं का?"

"बोलू नका, चित्र हलतं."

एकदा एका लग्नात अनोळखी गृहस्थ धावत आला आणि सगळ्यांसमक्ष म्हणाला, "सर, तुमचा डावा कप्पा अजून डोळ्यांसमोर आहे." शेजारचे पाहुणे जिलबी हातात धरून माझ्याकडे बघत राहिले.

मग हिंजवडीत कंपन्या आल्या आणि तिशीतली मुलं छाती धरून येऊ लागली. तिनं तिथंही दवाखाना काढला. एक मुलगा तपासायच्या पलंगावर मोबाइल कानाला लावूनच आडवा झाला. "मॅडम, अमेरिकेचा कॉल आहे. म्यूटवर टाकलाय." तिनं फोन काढून घेतला, बंद केला आणि ती म्हणाली, "आता सांगा, अजून धडधडतंय का?"

तिथल्या दवाखान्यात नवं यंत्र आलं. मी तेव्हा निवृत्त झालो होतो. सवयीनं तिनं मला बोलावलं, सवयीनं मी कुशीवर झोपलो. दांडी फिरता फिरता एका जागी थांबली. पुन्हा तिथंच आली. मग तिनं हाताखालच्या डॉक्टर मुलीला हाक मारली.

"तू बघ जरा."

मुलीनं बघितलं. "मॅडम, झडपेतून किंचित गळती आहे. वयानं होते. काही करायला नको."

"काही करायला नको हे मला कळतं. तू परत बघ."

मुलीनं परत बघितलं, आणि तेच सांगितलं. दुसरा कुठला पेशंट असता तर 'वर्षानं या' म्हणून बाईसाहेब जेवायला उठल्या असत्या. त्या दिवशी डबा तसाच परत आला. येताना कंपन्यांच्या बसमागे आमची गाडी अडकली होती.

"मला ती गळती मोजताच येईना," ती म्हणाली. "म्हणून त्या मुलीला बघायला लावलं."

"आपल्या मोरीतला नळ कधीचा गळतोय. त्याला तू किरकोळच म्हणतेस."

ती हसली नाही. माझा हात मात्र घरापर्यंत धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, तर ती बूट घालून दारात उभी. साऱ्या शहराला 'चाला' म्हणून दरडावणारी ही बाई स्वतः कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही गाडीनं जायची.

"चला. रोज फिरायचं. मीही येतेय, तुमच्यावर लक्ष ठेवायला."

नदीच्या पुलापर्यंत पोचेतो तिला धाप लागली. कठड्याला टेकून ती उभी राहिली. मी थोडा पुढे गेलो होतो, तो परत आलो.

"दमलीस?"

"मी कशाला दमतेय," ती श्वास घेत म्हणाली. "तुमच्यासाठी थांबलेय."