लग्नाचा टाइप

पनवेलच्या बाजारात माझा छापखाना होता, तेव्हा आमच्याकडे बोरूच्या वळणाचा एक टाइप होता. बोरू तिरका धरून लिहावं तशी जाड-बारीक रेघ, प्रत्येक कान्याच्या टोकाला तिरपा काप. त्यातला 'श्री' इतका देखणा, की नमुना दारात टांगला तर बाजाराचे बैल थांबून बघायचे. एक बैल तर वाचायलाही लागला होता. नाव विचारू नका, त्याला प्रसिद्धी आवडत नसे.

हा टाइप फक्त लग्नपत्रिकांना. पावतीला, सुतकाच्या चिठ्ठीला साधा, ठोकळा टाइप. खाडीकाठच्या गावांत वाचता येणारं माणूस विरळा; पण वळण बघूनच म्हातारीकोतारी ओळखायची, हे लग्नाचं. कुंकू लावून पत्रिका थेट भिंतीला. ठोकळा दिसला की कुणाकडून तरी उंबऱ्याबाहेर वाचून घ्यायचं आणि तिथंच फाडायचं. मरणाची चिठ्ठी कुणी घरात नेत नसे.

एका मिठागरवाल्यानं लेकीची पत्रिका छापायला दिली. माझी अर्धी जुळवून झाली होती, तेवढ्यात पोर तापानं गेली. बाप आला तो दारातच उभा राहिला.

"शेठ, तेराव्याची चिठ्ठी काढा. त्याच अक्षरात."

"अरे बाबा, लग्नाच्या टाइपात? उद्या कुणी पत्रिका छापायला येईल का माझ्याकडं?"

"साध्या अक्षराची फाडून टाकतान, शेठ. माजी पोर दारोदार फाटायला नको."

अख्ख्या बाजाराला बोलण्यात हरवणारा मी. त्याच टाइपाचे शिशाचे खिळे जुळवायला बसलो.

तेराव्याला मीही गेलो. माणसं खाली माना घालून बसली होती. तेवढ्यात खाडीपलीकडून त्याची बहीण आली. जरीचं लुगडं, केसांत अबोली, हातात हिरव्या चुड्याचं पुडकं. चिठ्ठी तिला होडीवाल्यानं पोचवली होती. त्यालाही वाचता येत नव्हतं. भावानं सांगितलेला दिवस तेवढा त्यानं सांगितला.

"नवरी कुठं हाय?" ती अंगणातूनच ओरडली. "अन् वाजंत्री का नाय रं, दादा?"

कुणीतरी तिला धरून खाली बसवलं, सांगितलं. ती रडलीसुद्धा नाही. भावाकडं वळली.

"कागदावर तर लग्नाची अक्षरं हायत."

"हायत. मीच घातली."

"मी कुंकू लावून चुलीवरच्या भिंतीला चिकटवलाय तो."

"मग राहू दे तिथं. फाडू नको."

"राहू दे?" तिनं पुडकं त्याच्या पायाशी ठेवलं. "अन् त्याच्यासमोर मी रोज भाकऱ्या कशा भाजू, दादा?"