तलावाकाठचा फोन

हिंग घातलेल्या कणकेचा वास आला, की शहराबाहेरचा तो तलाव आठवतो. तिथे ऑफिसातले एक वयस्कर सहकारी मला तसल्याच कणकेचं आमिष लावून गळ फेकायला शिकवत होते. "हात ढीला छोडो, मियाँ," ते म्हणाले आणि सहाव्या खेपेला माझी दोरी सरळ लांब गेली. तेवढ्यात मागच्या दगडावर फोन वाजला. घडी केलेला शर्ट, खाली चपला. तासाभरात आम्हाला तिथे कुणीच दिसलं नव्हतं. पाणी अगदी गप्प होतं. "नक्को उठाओ," ते पुटपुटले. मी उचलला. "जेवायला येताय ना?" एका बाईनं तेलुगूत विचारलं. मी चटकन "येतील" म्हणालो आणि मग पोलिसांना कळवलं. संध्याकाळी पाणबुड्यांनी त्या शर्टवाल्याचं प्रेत बाहेर काढलं. मी तसं का बोललो, ते मला अजून सांगता येत नाही.