आबाजींचा स्टाफ

आमच्याकडे लग्न असो की बारसं, जेवणं आटोपली, सतरंज्या पसरल्या की कोणीतरी म्हणतंच, "आबाजींचं ते सांग ना!" आणि एक किस्सा निघाला की त्याच्या मागे दुसरा येतोच. हे किस्से आम्ही कोणी मुद्दाम जमवले नाहीत. आम्ही पेरू खात होतो, चिखलात लोळत होतो, आणि ते आपले घडत होते. आता सांगायला बसलं की चहा दोनदा गरम करावा लागतो!

आबाजी म्हणजे माझे आजोबा. घर भंडारा जिल्ह्यातलं, शेतकऱ्याचं, पण नोकरी रेल्वेत. तीस वर्षं गँगमेट होते. दहा-बारा माणसांची टोळी घेऊन रूळ तपासायचे, गिट्टी भरायची, हे त्यांचं काम. ते रिटायर झाले आणि नेमका त्याच सुमारास भिलाईला पोलादाचा कारखाना उभा राहू लागला. माझे बाबा आणि काका दोघंही तिथे भरती झाले. काकांनी कॅम्प वन नावाच्या वस्तीत खोली घेतली, आम्हाला पुढे कारखान्याच्या सेक्टरमध्ये क्वार्टर मिळालं.

पोरांच्या मागोमाग आबाजी आणि आजीही आले. पण वस्तीत राहायला ते तयार नव्हते. दुर्गच्या पलीकडे, शिवनाथ नदीजवळ दोन एकर मुरमाड जमीन घेऊन त्यांनी कौलारू घर बांधलं. पेरू, लिंबू, सीताफळ लावलं. वांगी, भेंडी, तूर लावली. आणि उरलेला सगळा वेळ पाखरं बघितली.

मी, माझा मोठा भाऊ मनोहर आणि काकांचा बबन, आम्ही सुट्टी लागली की तिथेच. मी म्हणते, आमच्याइतकी नशीबवान पोरं त्या काळात अख्ख्या भिलाईत नसतील.

*

आबाजी रिटायर झाले, पण रेल्वे त्यांच्यातून रिटायर झाली नव्हती. पाखरांना ते 'स्टाफ' म्हणायचे.

काळा कोतवाल म्हणजे टीटी. "काळा कोट पाह्य त्याचा. कावळा असो का घार, कोणालेच सोडत नाही!" एका जागी उभा राहणारा पांढरा बगळा म्हणजे स्टेशन मास्तर. जरा कोणी आलं की बोंबलणारी टिटवी म्हणजे गेटमन. सुतार पक्षी म्हणजे हातोडा घेऊन रुळाच्या चाव्या ठोकत जाणारा कीमन. आणि घोळक्याने येऊन दाणे टिपणाऱ्या चिमण्या? कॅज्युअल लेबर!

शाळेत मास्तरांनी पाच पक्ष्यांची नावं लिहायला सांगितली. मनोहरने लिहिलं, 'टीटी, स्टेशन मास्टर, गेटमैन, कीमैन और कैजुअल लेबर.'

मास्तरांनी त्याला बाकावर उभं केलं आणि घरून कोणाला तरी बोलावलं. बाबा ड्युटीवर होते, म्हणून आबाजी गेले. मास्तर म्हणाले, "लड़का मज़ाक करता है."

आबाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि मास्तरांना खिडकीशी नेलं. बाहेर कडुलिंबावर एक कोतवाल एका कावळ्याच्या मागे लागला होता. आबाजी म्हणाले, "वो देखो मास्तरजी. टिकट चेक कर रहा है कि नहीं?"

मास्तर बराच वेळ बघत राहिले. मग वही मागवली आणि मार्क दिले. पाचपैकी चार!

"एक कावून कापला?" आबाजींनी विचारलं.

मास्तर म्हणाले, "चिड़िया कैजुअल नहीं है, बाबा. वो तो परमानेंट है."

*

क्वार्टर मिळालं तेव्हा बाबांना वाटलं, आता आई-बापाला सुखात ठेवावं. लाईट होती, पंखा होता, घरात नळ होता. बाबांनी फार आग्रह केला म्हणून आबाजी आठ दिवस राहायला आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर खाट रिकामी! पिशवीही नाही. बाबांनी सायकल काढली आणि थेट नदीकाठ गाठला. आबाजी वांग्याला पाणी देत उभे.

"बाबा, काय कमी होतं तिथं?" बाबांना रडू यायचंच बाकी होतं.

"काहीच कमी नव्हतं रे. पंखा मस्त होता. सुनेनं दोन्ही टाइम गरम जेवू घातलं."

"मग?"

"सकाळी उठवाले कोणी येत नव्हतं."

"भोंगा होते ना बाबा! प्लांटचा भोंगा अख्ख्या भिलाईले उठवते!"

"तेच तर," आबाजी म्हणाले. "भोंग्याले मी दाणे कुठं टाकू?"

*

पेरूची पाच झाडं होती. फाटकाजवळच्या झाडाला आबाजींनी एक चिंधी बांधली आणि जाहीर केलं, "हे झाड पाखराइचं. बाकीचे चार आपले."

राघूंना अर्थातच चिंधी वाचता येत नव्हती. त्यांनी पाचही झाडं धरली. आजी काठी घेऊन अंगणात आली.

"तुमच्या स्टाफले आपलं झाड कोणतं थे समजत नाही काय?"

"समजते ना!"

"मग आमच्या झाडावर काय करून राह्यले?"

"तपासून राह्यले. तुह्या वाटचे गोड हायेत का नाही!"

आजी त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाजवळच्या झाडाखाली मातीचं एक परळ पाण्याने भरून ठेवलेलं होतं. कोणी ठेवलं म्हणून आम्ही विचारलं, तर आजी म्हणाली, "मले काय माहीत?" पदर तर ओला होता!

*

कारखान्याच्या बांधकामाला वाळू लागायची, ती शिवनाथमधून जायची. आमच्या कुंपणालगतच्या कच्च्या वाटेने दिवसभर ट्रक. एका उन्हाळ्यात त्या वाटेच्या अगदी मधोमध, गिट्टीमुरमात टिटवीने चार अंडी घातली. दगडात दगड दिसावेत अशी. दोन चाकांच्या मधून ती कशीबशी वाचत होती, पण आज ना उद्या चिरडणार हे दिसतच होतं.

आबाजींनी पेटीतून जुना खाकी कोट काढला. लाल झेंडा काढला. अंड्यांच्या दहा पावलं अलीकडे झेंडा रोवला आणि शेजारी सरळ उभे राहिले.

पहिला ट्रक आला, लाल झेंडा बघून थांबला. मागून दुसरा आला, तिसरा आला. झेंडा आहे म्हणजे वरून काहीतरी आदेश असणार, असं ड्रायव्हर एकमेकांना सांगू लागले. आम्ही पोरं कुंपणाच्या आत श्वास रोखून. आजी मला म्हणाली, "आता तुह्या आबाजीले धरून नेतेत!"

अर्ध्या तासाने जीपमधून एक ओव्हरसियर आला. घामाघूम, भडकलेला. "काम रुका पड़ा है! किसके ऑर्डर से लाइन बंद है?"

आबाजी शांतपणे म्हणाले, "टिटहरी के."

ओव्हरसियर पुढे आला. अंडी बघितली. डोक्यावर टिटवी किंचाळत घिरट्या घालत होती. त्याने टोपी काढून कपाळ पुसलं. आबाजी झेंड्यापासून हलले नाहीत. नोकरीतल्या तीस वर्षांत त्यांनी साहेबाला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं.

"कितने दिन?" ओव्हरसियरने विचारलं.

"एक महिना, साहब."

त्याने ड्रायव्हरांना हात केला. "बबूल के उधर से घुमा लो!"

त्या दिवसापासून ट्रक बाभळीला वळसा घालून जाऊ लागले. आणि प्रत्येक ड्रायव्हर जाता जाता डोकं बाहेर काढून ओरडायचा, "बाबा, डिलीवरी हुई क्या?"

पिल्लं निघून आईच्या मागे नदीकडे पळाली, त्या दिवशी आबाजींनी पुन्हा कोट चढवला आणि वाटेवर उभं राहून हिरवा झेंडा दाखवला. ट्रकवाल्यांनी असे काही हॉर्न वाजवले, की लग्नाची वरात आली समजून आजी बाहेर आली!

*

भिलाईत तेव्हा रशियन इंजिनियर पुष्कळ. त्यातले एक उंच साहेब रविवारी नदीवर यायचे, गळ्यात दुर्बीण. आबाजींना हिंदी मोडकीतोडकी यायची, साहेबांना हिंदीचे दहाच शब्द. तरी दोघं तास न् तास बांधावर बसायचे. एक बोट दाखवायचा, दुसरा मान हलवायचा.

एकदा थंडीत वाफ्यात पाणी सोडलं होतं. एक करडा-पांढरा धोबी पक्षी शेपटी वरखाली करत चालला होता. साहेबांनी दुर्बीण लावली आणि एकदम ताडकन उभे राहिले. त्यांच्या भाषेत काहीतरी लांबलचक नाव घेतलं. मग पाखराकडे बोट केलं, स्वतःच्या छातीकडे केलं आणि दूर उत्तरेकडे केलं. दोन-तीनदा तसंच केलं. डोळे भरून आले होते त्यांचे.

आबाजी समजले. "मनोहर," ते म्हणाले, "हे पाखरू साहेबाच्या गावचं हाय."

मग साहेबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "साहब, लेकिन ये आपसे सीनियर है. प्लांट के पहले से आता है!"

साहेबांना किती कळलं कोण जाणे. पण 'सीनियर' कळलं असावं. त्यांनी त्या धोब्याला कडक सलाम ठोकला!

*

हा किस्सा बाबांचा. ते सांगायचे तेव्हा स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत सांगायचे.

बाबा कारखान्यात फिटर होते, ड्युटीवर साखळीत त्यांचा हात सापडला. बोटं वाचली, पण मूठ वळेना. डॉक्टरांनी रबराचा चेंडू दिला, रोज दाबायला सांगितलं. बाबांनी दोन दिवस दाबला आणि फेकून दिला. हाताशिवाय फिटर म्हणजे काय, हे त्यांना माहीत होतं. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. आई घाबरली. आबाजी बैलगाडी घेऊन आले आणि त्यांना नदीकाठी घेऊन गेले.

तुरीचे दिवस होते. आबाजींनी शेंगांचं टोपलं बाबांसमोर ठेवलं. "सोलून दे."

"बाबा, मह्या हातानं होत नाही."

"मी लवकर कुठं मांगून राह्यलो?"

पहिल्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत मूठभर दाणे निघाले. आजीने त्या मूठभर दाण्यांचीच आमटी केली. सगळ्यांना दोन-दोन चमचे! कोणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी वाटीभर निघाले. पंधरा दिवसांनी पातेलंभर. शेंगा संपल्या तेव्हा बाबा दोरीच्या गाठी सोडवत होते.

डॉक्टरांनी हात उलटासुलटा करून बघितला. "बहुत बढ़िया! गेंद कितनी बार दबाते थे?"

बाबा म्हणाले, "गेंद नहीं साहब. आमटी."

*

आणि हा बबनचा.

बबन सहा वर्षांचा असताना काकू गेली. चार दिवसांच्या तापात गेली. बबन रडला नाही. पण बोलायचा थांबला. एक शब्द नाही. काकांची शिफ्ट ड्युटी, म्हणून त्याला नदीकाठी आणून ठेवलं. मनोहरने त्याला आपल्या सगळ्या गोट्या देऊन बघितल्या. वैद्य झाले, दवाखाना झाला. आजी त्याला जवळ घेऊन म्हणायची, "एकदा आजी म्हण रे राजा." तो नुसता बघायचा. पावसाळा गेला, दिवाळी गेली, थंडीही गेली.

आबाजी त्याला कधीच 'बोल' म्हणाले नाहीत. सकाळी त्याच्या हातात छोटी बादली द्यायचे आणि आपण पुढे चालायचे. तो मागे. स्वतःच बोलत राहायचे, आणि तेही जोरात! रुळांवर गँगला आवाज देऊन देऊन त्यांचा गळाच तसा झाला होता. साधं 'मीठ दे' म्हणाले तरी शेजारच्या शेतात ऐकू जायचं.

उन्हाळ्याच्या तोंडाला लिंबाच्या झाडात बुलबुलने घरटं केलं. पिल्लं निघाली, तीन. बबन दिवसभर त्या झाडापासून हलेना. तिथेच जेवायचा, तिथेच मातीत रेघोट्या मारत बसायचा.

एके दिवशी दुपारी आबाजी आणि आजीचं भांडण लागलं. लिंबाला पाणी जास्त झालं का कमी, एवढ्यावरून. आबाजींचा आवाज चढला, आजीचा त्याहून चढला. आम्ही पडवीत बसून ऐकत होतो.

बबन झाडाखालून उठला. तरातरा चालत आला, दोघांच्या मधे उभा राहिला आणि ओठावर बोट ठेवलं.

"आबाजी, हळू. पिल्लं झोपून राह्यली."

आजीच्या हातातला तांब्या खाली पडला. ती काही बोलणार, तेवढ्यात आबाजींनी तिचा हात धरला. खाली वाकले आणि आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजले, "चुकलं बाबू. आता हळूच बोलू."

त्यानंतर पिल्लं घरट्यात होती तोवर आमच्या घरी सगळे कुजबुजत बोलले. आजी कुजबुजत रागवायची. काका शिफ्ट करून आले, फाटकातच त्यांना सगळं कानात सांगितलं. ते तिथेच तोंडात रुमाल कोंबून बसले. पोस्टमन "चिट्ठी!" म्हणून ओरडला, तर आबाजी धावत गेले. तो घाबरून म्हणाला, "कोई बीमार है क्या?"

"नहीं भैया," आबाजी हळूच म्हणाले, "सब अच्छा है."

मग एका सकाळी घरटं रिकामं झालं. तिन्ही पिल्लं उडाली. आबाजींनी फांदी बाजूला करून नीट बघितलं. अंगणाच्या मधोमध येऊन उभे राहिले, छाती भरून श्वास घेतला आणि पूर्वीसारखी, पार नदीपलीकडे जाईल अशी हाक मारली, "बबऽऽन!"

तुरीच्या शेताच्या पलीकडून तेवढ्याच जोरात उत्तर आलं, "ओऽऽऽ!"