धाकटीच्या बांधावरची हरणी

देवही आपपरभाव करतो की काय, अशी शंका गेल्या वर्षी मला रोज यायची. चाकणजवळ आमची वस्ती आहे. माझे यजमान आणि धाकटे दीर दोघेही कंपनीत, त्यामुळे शेत आम्ही दोघी जावाच बघतो. वाटणीत म्हसोबाचा दगड धाकटीच्या बांधाला गेला. उपासतापास मी करायचे आणि देव मात्र तिच्याकडे. ती कधी हात जोडायची, कधी विसरायची. तिचा नेम एकच होता, देवाभोवतीचं गवत कापायचं नाही. सासूबाईंनी तसं सांगून ठेवलं होतं.

मला राहवेना. मी माझ्या बांधावर दुसरा दगड मांडला, शेंदूर लावला, भोवती फरशी घातली, न्हाणीघरातल्यासारखी पांढरीशुभ्र. त्याच हिवाळ्यात डोंगरावरून एक हरणी पाडसाला घेऊन उतरू लागली. कुठं, तर धाकटीच्या म्हसोबापाशी. दिवस मावळताना यायची, गवत खायची, धाकटी शेजारी शेण काढत असली तरी बुजायची नाही. मी हरभऱ्याचे घाटे, मीठ, पाण्याचं घमेलं, सगळं माझ्या फरशीवर मांडून पाहिलं. कावळे तेवढे आले. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

पुढे त्याच फरशीवर माझा पाय घसरला. मांडीचं हाड मोडलं, आत रॉड टाकावा लागला. आता उभ्या राहिला नाहीत तर कायमच्या अंथरुणाला खिळाल, असं डॉक्टरांनी बजावलं. पण वॉकर धरला की पुन्हा पडायचीच भीती वाटे आणि मी मागे बसून घेई. खाटेजवळच्या खिडकीतून माझा बांध तेवढा दिसायचा, रिकामा. माझं जेवण, अंघोळ सगळं धाकटी करायची, कुरकुर न करता. तेही मला सलायचं. हिलाच हरणं मिळावीत आणि पुण्यही हिलाच?

एका संध्याकाळी मी देवाशी भांडत पडले होते. म्हटलं, माझं काय कमी पडलं ते तरी सांग, नाहीतर आता तूच बघ, माझ्यानं होत नाही. तेवढ्यात भिंतीपलीकडून धाकटीचा आवाज आला. ती दिरांना हळूच सांगत होती, "आज मायलेकरं पार दारात आल्यात." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, बघूच हिच्या दारात काय सोनं लागलंय.

कशी निघाले ते आठवत नाही. भिंत धरली होती एवढं खरं. तिच्या अंगणात हरणी उभी होती, पाडस पोटाशी. ती माझ्याकडे बघत राहिली, पळाली नाही. धाकटीनं वळून पाहिलं आणि तिचा हात तोंडावर गेला.

"आक्का," ती म्हणाली, "वॉकर कुठं हाय तुमचा?"

तो खाटेपाशीच राहिला होता. भिंतही मागे राहिली होती. माझे दोन्ही हात मोकळे होते.

याला चमत्कार म्हणावं का, मला ठाऊक नाही. देवापुढे चांगलं तेवढंच न्यायचं, असं मी समजत होते. त्या दिवशी माझ्यापाशी मत्सराशिवाय काही उरलं नव्हतं. त्यानं तोच घेतला आणि त्याचीच काठी करून माझ्या हाती दिली.

फरशी मी उखडून टाकली. आता तिथं गवत आलंय. हरणी अजून धाकटीकडेच जाते, आणि मनाला अजून थोडं लागतं. पण तिला बघायला मी रोज बांध ओलांडून चालत जाते. माझ्याच बांधावर आली असती, तर मी खाटेवरूनच पाहिलं असतं.