गवती चहाचा वास

आज सकाळी चहात गवती चहाची पात टाकली आणि त्या वासाबरोबर मी नॉटिंगहॅममधल्या मार्गारेटच्या स्वयंपाकघरात पोचलो. वीसेक वर्षांपूर्वी मी तिचा भाडेकरू होतो. थायलंडच्या सीमेवरच्या निर्वासित छावणीत तिने अर्धं आयुष्य मिशनरी म्हणून काढलं होतं. तिथलं गवती चहा घातलेलं सूप ती दर रविवारी करायची.

एका रविवारी पॉ आली. छावणीत मार्गारेटच्याच हाताखाली वाढलेली, तिच्यामुळेच ख्रिस्ती झालेली. खिडकीच्या काचा वाफेने धुरकटल्या होत्या. मान खाली घालून पॉ म्हणाली, "मी परत बुद्धाकडे गेले. आता मला घरात घ्याल ना?"

मार्गारेटचा पळी धरलेला हात थांबला. मग ती म्हणाली, "वेडे, बस आधी. सूप गार होतंय."

जेवणाआधी ती नेहमी प्रार्थना म्हणायची. त्या दिवशी ओले डोळे पुसून ती म्हणाली, "आधी तुझी म्हण, मग माझी." पॉ हळू आवाजात पुटपुटत राहिली, सुपाचा हिरवा वास आमच्याभोवती तरंगत राहिला. मला तेव्हा वाटलं, मार्गारेट हरली बिचारी.

काल माझा मुलगा म्हणाला, "बाबा, मी आरतीला नाही उभा राहणार. आय डोन्ट बिलीव्ह."

"मग या घरात जेवूही नकोस," मी ओरडलो. तो खरंच उपाशी झोपला.

आता मी दोन कप भरलेत. जिन्याशी उभं राहून हाक मारली, "अरे, खाली ये. चहा गार होतोय."