मुंजाबाचे जपानी बिल्ले

औरंगाबादला जालना रोडवर एक हॉटेल होतं, तिथं मुंजाबाला सगळे 'जपानी' म्हणत. पंचवीसेक वर्षांमागची गोष्ट. दिसायला म्हणाल तर गडी पक्का धनगर, सहा फूट उंच आणि झुपकेदार मिशीचा. पण फर्दापूरला, अजिंठ्याच्या पायथ्याशी, चमकते दगड विकता विकता त्यानं जपानी पाहुण्यांकडून त्यांची भाषा उचलली होती, वाचण्यालिहिण्यासकट. शाळेत इंग्रजीनं त्याला दोनदा आपटलं होतं, जपानीनं मात्र पोटापाण्याला लावलं.

हॉटेलात तो बॅगा उचलायचा. जपानी पाहुणे आले की मॅनेजर आप्पासाहेब त्याला बोलवायचे, बोलणं संपलं की पुन्हा बॅगा. काउंटरमागं एक रिकामी खुर्ची होती, तिच्यावर त्याचा डोळा होता. एक दिवस आप्पासाहेबांनीच तो विषय काढला. ऑक्टोबरात तीस जपान्यांचा जथा लेणी बघायला येणार होता. कोण काय काम करतं ते पाहुण्यांना कळावं म्हणून प्रत्येक कामगाराच्या छातीवर जपानीत बिल्ला हवा होता. पाहुणे खूश झाले तर खुर्ची तुझी, नाराज झाले तर बॅगा आहेतच, असं त्यांनी साफ सांगितलं.

मुंजाबा एका पाहुण्यानं दिलेला शब्दकोश उघडून बसला. ड्रायव्हर, पहारेकरी, झाडणारी, सगळ्यांना त्यात शब्द होते, पण ते वाचून त्याचं तोंड कडू झालं. चाळिशीची बानाबाई नऊ वर्षं इथल्या खोल्या झाडत होती. तो नवा असताना महिनाभर तिनं आपल्या डब्यातली अर्धी भाकर त्याला दिली होती. तिच्या छातीवर 'झाडूवाली' लावायचं? आपल्याकडं माणसाशी आधी नातं जोडतात, कामाचं नंतर बघतात. रिक्षावालासुद्धा पहिला मामा असतो. मुंजाबानं शब्दकोश मिटला आणि झटक्यात बिल्ले लिहून टाकले. बानाबाई झाली मावशी, ड्रायव्हर सांडू झाला मामा आणि फाटकावरचे पांढऱ्या मिशांचे फकिरा आजोबा, सगळं अस्सल जपानीत. स्वतःचा बिल्ला तेवढा कोरा राहिला, कारण बॅगा उचलणाऱ्याला कोणतं नातं लावावं ते त्याला सुचेना.

जथा आला. पुढं होत्या मोरिताबाई, सत्तरीच्या निवृत्त मास्तरीण. फकिरांनी सलाम ठोकला तशी त्यांनी चष्मा सावरून बिल्ला वाचला. मग सांडूचा वाचला. मागचे लोक तोंडावर हात धरून हसू लागले. बानाबाईपाशी मात्र पाहुण्यांतल्या एका बाईचा चेहरा एकदम आंबट झाला आणि ती शेजारणीच्या कानात काहीतरी पुटपुटली.

आप्पासाहेबांचा रंग उडाला. काय लिहिलंस, असं त्यांनी मुंजाबाला हळूच विचारलं. उत्तर ऐकून ते कपाळाला हात लावत म्हणाले, "अरे, हॉटेल आहे का सोयऱ्यांचं घर?"

मुंजाबाला खुर्ची लांब जाताना दिसली. तेवढ्यात मोरिताबाईंनी त्याला जवळ बोलावलं आणि हे आजोबा कुणाचे, असं विचारलं. त्यानं मान खाली घालून खरं ते सांगितलं. इथं परक्याला असंच आपलं करतात, आणि ज्यानं आपल्याला भाकर दिली त्याला कामाच्या नावानं पुकारायला जीभ रेटत नाही. मोरिताबाई खळखळून हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग म्हणाल्या, मामा-मावशी आमच्याकडंही म्हणतात, पण हॉटेलात छातीवर लावून नाही. चाळिशीच्या बाईला परक्यानं मावशी म्हटलं तर तिला रागच येतो. आमच्याकडं कामालाच मान असतो, कामाच्या नावाला 'सान' जोडलं की माणूस मोठा होतो.

आणि नवे बिल्ले घेऊन त्या तिथल्याच एका सोफ्यावर बसल्या. सांडू झाला उन्तेन्शू-सान, म्हणजे ड्रायव्हरसाहेब, आणि फकिरा झाले शुएई-सान, म्हणजे पहारेकरीसाहेब. बानाबाईची पाळी आली तेव्हा त्यांनी आधी तिला कामं विचारली. ती चादरी बदलायची, न्हाणीघर घासायची, आणि कुणी न सांगता प्रत्येक उशीवर झेंडूचं एक फूल ठेवायची. मोरिताबाईंनी विचार करून लिहिलं, क्याकुशित्सु-गाकारी-सान. मुंजाबानं अर्थ सांगितला, "मावशी, खोल्या तुझ्या हवाली आहेत, असं लिव्हलंय."

बानाबाईनं पदरानं बिल्ला पुसला, पुसण्यासारखं त्याच्यावर काही नव्हतं तरी.

"नऊ वर्षं झाली, हे मला कुणी सांगितलंच नाय," ती म्हणाली. "लाव हेच. पण तू मातर मला मावशीच म्हण."

शेवटी मुंजाबाचा कोरा बिल्ला उरला. मोरिताबाईंनी मुंजाबाकडं बघितलं, न विचारताच दोन चित्राक्षरं लिहिली आणि त्याच्या छातीवर स्वतः टाचली. 'त्सूयाकु', म्हणजे दुभाष्या. काय लिहिलंय, असं आप्पासाहेबांनी दोनदा विचारलं, पण स्वतःचा मोठेपणा स्वतःच्या तोंडानं कसा सांगायचा?

"याला आता बॅगा उचलाया लावू नका, असं लिव्हलंय साहेब," बानाबाई म्हणाली. "एवढं जपानी मला बी येतं."

आप्पासाहेबांना हसू आवरेना. त्यांनी काउंटरमागची खुर्ची पुढं ओढली आणि मुंजाबाला खांदे धरून तिच्यावर बसवलं. दाराशी तीस बॅगा तशाच पडल्या होत्या. त्या वर कोण नेणार, हे कुणाच्याच बिल्ल्यावर लिहिलेलं नव्हतं. शेवटी पहिली बॅग आप्पासाहेबांनी उचलली.