पंधराव्या भाडेकरूने दार कसं उघडलं

आयुष्यभर सरकारी ऑफिसात फायली तपासल्या. आधी कागद दाखवा, मग बोला, असा माझा स्वभाव. भुताखेतांचा विषय निघाला की मी सरळ उठून चहा टाकायला जातो. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण लिहितो.

मालवण-कुडाळ रस्त्यापासून थोडं आत आमचं घर. दोन खोल्या, पडवी, मागे विहीर. दोन वर्षांपूर्वी माझी बायको सुमन गेली आणि मी कुडाळला मुलाकडे आलो. मुलगा म्हणाला, "बाबानु, बंद घराक वाळवी लागता. भाड्यान देवया." मग एजंट प्रकाश एकेक माणूस आणू लागला. मी आधार कार्ड बघायचो, आधीच्या घरमालकाला फोन लावायचो, पोलीस ठाण्याचा फॉर्म भरल्याशिवाय पुढे बोलायचोच नाही. चौदा जणांना नाही म्हटलं. एकाला तर चपला घालून पडवीत आला म्हणून! खरं सांगू? कागद हे निमित्त होतं. सुमनच्या स्वयंपाकघरात दुसरं कोणी उभं राहिलेलं मला बघवणार नव्हतं.

पंधरावी आली ती वैभववाडीची नर्स. इथे बदली झालेली, पदरात पाच वर्षांची मुलगी. सकाळी अकराला घर दाखवायचं ठरलं होतं, मी वीस मिनिटं उशिरा पोचलो. प्रकाश चावी तिच्या हातात देऊन रस्त्यावर फोनवर बोलत उभा. आमचं दार नुसतं कुलूप काढून उघडत नाही. डावीकडे खाली गुडघा लावायचा आणि त्याच वेळी कडी वर उचलायची... हे फक्त आम्हा घरच्यांना माहीत.

आणि दार सताड उघडं होतं.

"कसं उघडलंत?" मी विचारलं.

"काकूंनी आतून सांगितलं ना," ती म्हणाली. "'डावीकडे खाली गुडघो लाय गो बाय, मगे कडी उचल.' पण आत आले तर कोणीच नाही. मागून गेल्या का त्या?"

सुमन सगळ्या बायकांना 'गो बाय' म्हणूनच हाक मारायची. मी तडक आत शिरून मागे गेलो. मागच्या दाराला आतून अडसर होता, तो मी स्वतः पाहिला. मग प्रकाशला झापलं. तो बिचारा म्हणाला, "काका, माका आजवर ह्या दार उघडूक जमला नाय. तिका काय शिकवतलंय?"

तिचे कागद तीनदा तपासले. वैभववाडीच्या घरमालकाशी बोललो. सगळं चोख. शेवटी घर दिलं. आता तिची मुलगी पडवीत अभ्यासाला बसते, आणि मला ते चालतं — याचंही नवलच आहे. तो आवाज मात्र तिला पुन्हा आला नाही.

बाईने अंदाजाने दार उघडलं आणि गोष्ट रचली, असं कोणी म्हणेल. असेलही.

करार करायच्या आदल्या दिवशी मी एकटाच तिथे गेलो होतो. दार बाहेरून ओढून घेतलं आणि थाप मारली. "माका उघडूक येना नाय, सांग," असंही म्हटलं. अर्धा तास उभा होतो. काही नाही.

राग येतो, खोटं कशाला बोलू. परक्या बाईशी बोलली... माझ्याशी नाही.